पॅटिओ की डेक? बादलीभर पाणी ओतून पाहा

घरामागच्या मोकळ्या जागेत बसण्याची सोय करायची म्हटलं की पॅटिओ आणि डेक हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पूर्वी नुसतं पाहून फरक कळायचा. फरशी दिसली की पॅटिओ, लाकडी फळ्या दिसल्या की डेक. आता लाकडाच्या रेषा हुबेहूब उमटवलेली पोर्सलिनची फरशी मिळते आणि उंच सांगाड्यावर दगडी लाद्या बसवलेला डेकही दिसतो. म्हणून रूपावर जाऊ नका. मनातल्या मनात तिथे बादलीभर पाणी ओता. ते वरून वाहत कडेला गेलं तर पॅटिओ. फटींतून खालच्या पोकळीत पडलं तर डेक.

(पोर्च या वादात येतच नाही. तो दारापुढचा, डोक्यावर छप्पर असलेला भाग, आपल्या ओसरीच्या जवळचा.)

पॅटिओ हा स्पॅनिश शब्द, अर्थ घराच्या पोटातलं उघडं अंगण. स्पेनमधल्या कोर्दोबा शहरातल्या अशा अंगणांच्या उत्सवाला युनेस्कोने 2012 साली आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. आज मात्र जमिनीवर टेकलेल्या कुठल्याही फरसबंद बैठकीला पॅटिओ म्हणतात. त्याचं सगळं यश न दिसणाऱ्या थरांत असतं. माती खणायची, साधारण 100 ते 150 मिलिमीटर खडी दाबून बसवायची, वर वाळूचा पातळ थर आणि मग फरशी. घरापासून दूर जाणारा उतार दर मीटरला 10 ते 20 मिलिमीटर हवा. तो दिला नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी भिंतीशी साचतं, आणि एकदा फरशी बसली की तो दोष उखडल्याशिवाय सुधारत नाही.

डेक हा शब्द जहाजावरून उतरला. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर साधारण 400 मिलिमीटर अंतराने आडवे वासे आणि वर फळ्या, दोन फळ्यांमध्ये 5-6 मिलिमीटर फट. पाणी थांबत नाही, त्यामुळे जमीन उतरती असली तरी अडत नाही. डेकचं मर्मस्थान आहे घराच्या भिंतीला जोडलेली पट्टी. तिच्यामागे पाणी शिरलं की लाकूड आतून कुजतं आणि वरून काही कळत नाही. डेक कोसळण्याच्या घटनांत ही जोडणी वारंवार दोषी ठरते. नुसत्या खिळ्यांवर ती कधीही सोडू नका. आरपार बोल्ट आणि पाणी वळवणारी धातूची पट्टी, दोन्ही हवंच. उंची वाढली की कठडाही आला. अमेरिकेच्या आदर्श निवासी बांधकाम संहितेत ती मर्यादा 30 इंच आहे.

सध्या जे लोकप्रिय आहे, त्याने ही निवड आणखी अवघड केली आहे. सरकत्या काचेच्या दारातून आतली आणि बाहेरची फरशी एकाच पातळीत यावी, असं आता सगळ्यांनाच वाटतं. मलाही ते फार आवडतं, पण पाण्याला ते मानवत नाही. पॅटिओ उंबऱ्याच्या पातळीला आणायचा तर दाराला लागून जाळीची लांब पन्हळ घालावीच लागते. इथे डेक सरळ जिंकतो, कारण पाणी दारापर्यंत पोचण्याआधीच फटींतून खाली गेलेलं असतं.

उलट, बाहेरचं स्वयंपाकघर किंवा गरम पाण्याचा टब हवा असेल तर मी डोळे मिटून पॅटिओ सांगेन. अमेरिकेच्या त्याच संहितेनुसार घरगुती डेक चौरस मीटरला जेमतेम 195 किलो भार धरून बांधतात. टबात 90 सेंटिमीटर पाणी भरलं की नुसत्या पाण्याचाच भार चौरस मीटरला 900 किलो होतो. वेगळा पाया आणि अभियंत्याचा हिशेब असल्याशिवाय तो डेकवर ठेवू नये. शेकोटीचंही तेच. डेकसाठी मिळणाऱ्या कॉम्पोझिट फळ्या लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या असतात. त्या कुजत नाहीत, पण गडद रंगाच्या फळ्या उन्हात अनवाणी पायांना चटका देतात. उष्णता अडवणाऱ्या आधुनिक काचेवरून परावर्तित झालेल्या उन्हानेही त्या वाकू शकतात. मोठ्या काचांची हौस असेल तर हे आधी तपासा.

खऱ्या लाकडातही बदल झालाय. टणकपणासाठी नावाजलेलं ईपे लाकूड नोव्हेंबर 2024 पासून साइट्स या, संकटातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यावर बंदी नाही, पण आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. पर्याय म्हणून वाफेत सुमारे 200 अंश सेल्सिअसला भाजलेलं लाकूड पुढे आलंय. रसायनाशिवाय ते टिकाऊ होतं, मात्र थोडं ठिसूळ होत असल्याने फळ्यांना चालतं, वाशांना नाही.

पॅटिओकडची चांगली बातमी म्हणजे पाझरणारी फरसबंदी. सांध्यांत बारीक खडी भरतात, पाणी जागच्या जागी मुरतं. इथे बादलीची परीक्षा थोडी फसते, पण खाली पोकळी नाही, जमीन आहे, एवढं पाहिलं की पुरे. इंग्लंडमध्ये 2008 पासून घरापुढच्या बागेत 5 चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालून ते पाणी बाहेर सोडायचं असेल, तर परवानगी लागते.

आणि अंगणात जुनं झाड असेल तर मी फार विचार करणार नाही. झाडाची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच पसरलेली असतात, आणि पॅटिओची खणाई नेमकी त्यांनाच छाटते. डेकला मोजके खांब पुरतात, तेही मुळं चुकवून रोवता येतात. बुंध्याभोवती ऐसपैस जागा सोडायची आणि खोड जाड होत जाईल तशी दर काही वर्षांनी कडेची फळी कापून ती वाढवायची.