झोक्यावर आजी बसली तर?

नागपंचमीला झाडाला उंच झोका बांधलाय. त्यावर आजी बसली तर एका हेलकाव्याला जास्त वेळ लागेल, की तिसरीतली नात बसली तर? कोल्हापुरातल्या आठवी-नववीच्या वर्गात हा प्रश्न टाकून बघा, वर्गात दोन तट पडतील. पडू द्यावेत. प्रत्येकानं आपलं उत्तर आणि त्यामागचं कारण वहीत लिहायचं, फळ्यावर दोन्ही बाजूंची मतं मोजायची आणि मगच संगणक सुरू करायचा. झोका म्हणजे एक लंबकच. आधीच पडद्यावर लंबक हलवून दाखवला तर तो सिनेमा होतो. मुलं ‘हो सर’ म्हणतात आणि मनातला समज आहे तिथंच राहतो.

नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पात लंबकाचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करायचा प्रयोग, फुकट मिळतं. फाइल एकदा उतरवून पेनड्राइव्हवर घेतली की ती ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालते, त्यामुळं रेंज गेली म्हणून तास बुडत नाही.

मुलं ५० आणि संगणक एकच, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. दहा-दहांचे ५ गट करा. माऊस मात्र शिक्षकांनी धरायचा नाही. गटातला एक जण पुढं येईल, पण काय बदलायचं आणि काय कायम ठेवायचं हे गटानं आधी कागदावर लिहिलेलं हवं. नाहीतर मुलं सगळ्या पट्ट्या एकदम सरकवतात, आणि कशामुळं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

पहिल्या फेरीत लांबी १ मीटर, कोन १०°, घर्षण शून्य. बदलायचं फक्त वस्तुमान: ०.५, १, १.५ किलो. दोलनकाल, म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ, तिन्ही वेळा २.०१ सेकंद. आजी-नातीचा वाद इथं मिटतो. दुसऱ्या फेरीत प्रत्येक गटाला एक लांबी द्या. फळ्यावरच्या सामायिक तक्त्यात ०.२ मीटरला ०.९० सेकंद, ०.४ ला १.२७, ०.६ ला १.५६, ०.८ ला १.८० आणि १ मीटरला २.०१ असे आकडे जमतात. लांबी पाचपट झाली, वेळ मात्र सव्वादोन पटीपेक्षा थोडा कमीच वाढला. आलेखकागदावर वेळ आणि लांबी मांडली तर वक्र रेषा येते. वेळेचा वर्ग करून मांडला की सरळ. हा वर्ग करायचं मुलांना आपणहून सुचलं तर उत्तम, पण त्यासाठी थोडा वेळ गप्प बसावं लागतं.

एखादा गट गोळा ६०° पर्यंत ओढतो आणि १ मीटरला २.१५ सेकंद सांगतो. ते खोडू नका. दोलनकालाचं पाठ्यपुस्तकातलं सूत्र लहान कोनापुरतंच खरं असतं, याचा हाच पुरावा.

मग खरा लंबक. उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून आणलेला जाड नट, दोरा आणि दाराची चौकट एवढं पुरतं. इथं आकडे बिघडतात, आणि बहुतेक वेळा कारणं ठरलेली असतात. गोळा सोडताना ‘एक’ म्हटलं तर दहा म्हणेपर्यंत दोलनं नऊच होतात आणि दोलनकाल १० टक्के कमी येतो. मोजणी ‘शून्य’पासून करायची. नुसतं जाणं म्हणजे दोलन नव्हे. जाऊन परत आलं की एक. लांबी गाठीपर्यंत नाही, नटाच्या मध्यापर्यंत मोजायची. सिम्युलेशन पृथ्वीचं गुरुत्वत्वरण ९.८१ मी/से² धरतं आणि कोल्हापुरात ते सुमारे ९.७८ आहे, ही सबब मात्र चालत नाही. त्यानं १ मीटरच्या लंबकाच्या २० दोलनांत जेमतेम ०.०६ सेकंदाचा फरक पडतो. घड्याळाचं बटण दाबणारा अंगठा त्याहून जास्त चुकतो.

आता झोक्याकडं परत. नात बसण्याऐवजी फळीवर उभी राहिली तर? वजन तेच, दोर तोच, तरी झोका लवकर परत येतो. उभं राहिल्यावर शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि लंबकाची खरी लांबी कमी होते. ही लांबी ४ मीटरवरून ३.४ वर आली, तर ४ सेकंदांचा हेलकावा ३.७ सेकंदांवर येतो. सिम्युलेशनमधली दोरी १ मीटरपेक्षा लांब होत नाही, पण प्रमाण तेच राहतं: ती ०.८५ मीटर करा आणि २.०१ चे १.८५ सेकंद होताना बघा.