उंदरामुळे हिपॅटायटिस बी होतो का?

"उंदराने तोंड लावलेलं खाल्लं की हिपॅटायटिस बी होतो" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं होत नाही. हिपॅटायटिस बी हा लिव्हरचा आजार करणारा व्हायरस लिव्हरच्या पेशीत शिरतो तो एनटीसीपी नावाच्या प्रोटीनला चिकटून, आणि उंदराचं एनटीसीपी जरा वेगळं असल्याने तिथे तो चिकटला तरी पेशीत शिरू शकत नाही, म्हणून तर या व्हायरसचा अभ्यास करायला लॅबमध्ये उंदराच्या लिव्हरमध्ये माणसाच्या पेशी वाढवाव्या लागतात, नाहीतर खारीसारखा दिसणारा तुपाया नावाचा छोटा प्राणी घेतात, २०१२ मध्ये एनटीसीपीचा हा रोल त्याच्याच पेशींमुळे कळला. गोंधळ होणं साहजिक आहे, पावसाळ्यात उंदराच्या मुतामुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो आणि हिपॅटायटिस बीसारखे त्यातही डोळे पिवळे होऊ शकतात. बी मात्र रक्तातून, असुरक्षित संबंधांतून, आईकडून बाळाला जातो. डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरांना दाखवा आणि एचबीएसएजी ही रक्ताची टेस्ट करून घ्या, बी आहे का ते त्यात कळतं.