१२९४ ची पोपची निवडणूक: पण कोणती, जुलैची की डिसेंबरची?

‘१२९४ साली पोपची निवडणूक झाली’ हे वाक्य बरोबर असूनही घोटाळ्याचं आहे, कारण त्या वर्षी निवडणुका दोन झाल्या. ५ जुलैला इटलीतल्या पेरुजा इथे पाचवा सेलेस्टाइन निवडला गेला आणि २४ डिसेंबरला नेपल्समध्ये आठवा बोनिफेस. मतदार म्हणजे कार्डिनल, चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी. डिसेंबरला त्यांत निम्म्याहून जास्त नवे होते. तरी एका निवडीला सव्वादोन वर्षं लागली आणि दुसरी जेमतेम दोन दिवसांत उरकली. याचं श्रेय सहसा बोनिफेसच्या धूर्तपणाला दिलं जातं. मला तो अर्धाच हिशेब वाटतो.

आधी जुलैची. आधीचा पोप चौथा निकोलस ४ एप्रिल १२९२ ला वारला. नवा पोप ठरवायला दोन तृतीयांश मतं लागत. हा नियम ११७९ पासूनचा. कार्डिनल मूठभर, त्यात रोमच्या ओर्सिनी आणि कोलोन्ना या दोन घराण्यांची ओढाताण, त्यामुळे कुणाचंच गणित जमेना. मंडळी रोम सोडून पेरुजाला आली, तरी तिढा सुटेना. १२७४ मध्ये पोप दहाव्या ग्रेगरीने यावरच कायदा केला होता: कार्डिनलांना एकत्र कोंडायचं, तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवसांनी फक्त पाव, पाणी आणि वाइन. पण हा जाच कार्डिनलांना नको होता आणि दोनच वर्षांत कायदा गुंडाळला गेला. म्हणून १२९२ च्या मतदारांना ना कुलूप होतं, ना उपासमारीची धास्ती.

अखेर ज्येष्ठ कार्डिनल लातिनो मालाब्रांका यांनी डोंगरात राहणाऱ्या पिएत्रो दा मोर्रोने या वयोवृद्ध तपस्व्याचं नाव पुढे केलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. तेच पाचवे सेलेस्टाइन. ज्याचा कुठल्याच घराण्याशी संबंध नाही तो सगळ्यांना चालला, एवढंच. कारभार झेपेल का, हा प्रश्न राहूनच गेला. तो झेपला नाही. नेपल्सचा राजा दुसरा चार्ल्स त्यांना आपल्या राज्यातच ठेवून होता. सप्टेंबरमध्ये नेमलेल्या १२ नव्या कार्डिनलांत निम्म्याहून जास्त फ्रेंच निघाले, त्यातही राजाचा हात होता.

१३ डिसेंबरला सेलेस्टाइन यांनी पद सोडलं. इथून दुसरी निवडणूक सुरू होते आणि फरकही इथेच आहे. जाण्यापूर्वी त्यांनी ग्रेगरीचा तो कोंडण्याचा कायदा परत लागू केला होता. त्यात पोप गेल्यावर दहा दिवस थांबायचं कलम होतं. ते मृत्यूसाठी लिहिलेलं, पण कार्डिनलांनी राजीनाम्यालाही लावलं. म्हणून २३ तारखेला नेपल्सच्या कास्तेल नुओवो या किल्ल्यात दारं बंद झाली आणि २४ ला बेनेदेत्तो काएतानी निवडून आले. तेच आठवे बोनिफेस. किल्ला राजाचा होता. आणि याच काएतानींनी त्याच वर्षी पेरुजात त्या राजाला, निवडीत लुडबूड करतो म्हणून, खडसावलं होतं! म्हणजे निकाल राजाने लिहून दिला होता असं म्हणणंही कठीण.

काएतानी कायदेपंडित होते आणि पद सोडण्याबाबत सेलेस्टाइन यांना सल्लाही त्यांनीच दिला होता, हे खरं. संशयाचं मूळ तिथे आहे. रात्री नळीतून देवदूताचा आवाज काढून म्हाताऱ्याला घाबरवलं, ही नंतरची दंतकथा मात्र सोडून द्यावी.

जुलैच्या निवडीच्या वैधतेवर कुणी बोट ठेवलं नाही. डिसेंबरच्या निवडीवर ठेवलं गेलं, तेही उशिरा. १२९७ मध्ये बोनिफेसशी बिनसल्यावर कोलोन्ना घराण्यातले दोन कार्डिनल म्हणू लागले की पोपला राजीनामा देताच येत नाही, सबब पुढची निवड रद्दबातल. हे दोघेही डिसेंबरच्या त्या बंद दारांआड होते. तोवर सेलेस्टाइन हयातही नव्हते. बोनिफेसने त्यांना फुमोनेच्या किल्ल्यात नजरकैदेत ठेवलं आणि १९ मे १२९६ ला ते तिथेच वारले.

बोनिफेसने सेलेस्टाइन यांचे बरेच निर्णय फिरवले, पण दोन गोष्टी जपल्या: कार्डिनलांना कोंडण्याचा नियम आणि पोपचा राजीनामा देण्याचा हक्क. १२९८ च्या आपल्या कायदेसंग्रहात त्यांनी दोन्ही घातल्या.