शीचा रिपोर्ट 'नॉर्मल', तरी पुन्हा तपासणी का?
केमो चालू असलेल्या मुलांच्या पालकांसाठी आमच्या लॅबचं माहितीपत्रक

केमो चालू असताना मुलाला जुलाब लागतात, डॉक्टर शी तपासायला सांगतात, रिपोर्टवर 'ओव्हा, सिस्ट : नॉट सीन' (म्हणजे परजीवींची अंडी किंवा कोष दिसले नाहीत) असं छापून येतं. जुलाब मात्र थांबत नाहीत. 'सगळं नॉर्मल आहे ना, मग परत कशाला?' हा प्रश्न आमच्या काउंटरवर नेहमी येतो, आणि तो रास्तच आहे.

साध्या 'स्टूल रूटीन'मध्ये काचपट्टीवर शीचा कण सलाइनमध्ये आणि आयोडीनमध्ये कालवून बघतात. जिआर्डिया, अमीबा, जंतांची अंडी त्यात सापडतात. क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) नावाचा परजीवी मात्र सहज निसटतो. त्याचा गोल दाणा ४ ते ६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), रक्तातल्या तांबड्या पेशीहून लहान, आणि दिसायला यीस्टसारखा. त्याच्यासाठी 'मॉडिफाइड ॲसिड फास्ट' हा वेगळा रंग द्यावा लागतो. टीबीसाठी थुंकी तपासतात, त्याच पद्धतीचा हा जरा सौम्य प्रकार. मग निळ्या पट्टीवर गुलाबी-लाल दाणे उठून दिसतात. सिस्टोआयसोस्पोरा आणि सायक्लोस्पोरा हे आणखी दोन परजीवीही याच रंगात पकडता येतात. चिठ्ठीवर लिहिलेली नसेल तर ही तपासणी आपोआप होत नाही. म्हणून डॉक्टरांना आठवणीने विचारा, आणि डबी देताना 'केमो चालू आहे' एवढं तरी आम्हाला सांगाच.

धडधाकट मुलाचा क्रिप्टो साधारण दोन आठवड्यांत आपोआप जातो. काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या) उतरलेल्या मुलात तो रेंगाळतो, वजन घटतं, केमोची तारीख पुढे जाते. अर्थात जुलाब केमोच्या औषधानेही होतात, विषाणूंनी होतात, अँटिबायोटिकनंतर वाढणाऱ्या जंतूंनीही होतात. घरी अंदाज बांधून जुलाब बंद करायची गोळी देऊ नका.

स्ट्राँगिलॉइडिस या कृमीबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. तो मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरतो आणि आतड्यात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. ल्युकेमियासाठी (रक्ताच्या कर्करोगासाठी) स्टेरॉइड सुरू झालं की त्याच्या अळ्या बेसुमार वाढून फुप्फुसांपर्यंत पोचू शकतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. 'शाळेत जंताची गोळी घेतली होती' असं पालक सांगतात. पण अल्बेंडाझोलच्या त्या एका गोळीवर याच्या बाबतीत विसंबता येत नाही. मूल गावी शेतात अनवाणी फिरत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, शक्यतो स्टेरॉइड सुरू होण्याआधी.

हे परजीवी रोज शीतून पडत नाहीत. म्हणून एक दिवसाआड, दहा दिवसांच्या आत तीन नमुने आणायला सांगतो. डबी आमच्याकडूनच न्या. लघवी किंवा नळाचं पाणी त्यात मिसळू देऊ नका. डायपर शी शोषून घेतो, तेव्हा आत स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद अंथरा. पातळ शी अर्ध्या तासात पोचवा. जमणार नसेल तर नमुना टिकवणारं औषध घातलेली बाटली आमच्याकडून आधी मागून घ्या. फ्रीझरमध्ये ठेवू नका. बेरियमची तपासणी (बेरियम देऊन काढलेला पोटाचा एक्स-रे) झाली असेल किंवा नुकतंच अँटिबायोटिक घेतलं असेल तर सांगा. नमुना मिळावा म्हणून एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायचं औषध मुळीच वापरू नका. काउंट कमी असताना त्याने संसर्ग होऊ शकतो. आणि ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर नमुना राहू द्या, थेट हॉस्पिटल गाठा.

पाण्याचं म्हणाल तर क्लोरिनच्या थेंबांनी क्रिप्टो मरत नाही. पाण्याला खळखळून उकळी फुटली की आणखी एक मिनिट उकळू द्या. पिण्याला, दात घासायला, दुधाची बाटली विसळायलाही तेच पाणी. सॅनिटायझरचाही या परजीवीवर उपयोग नाही, साबणाने हात धुवा. पोहण्याचा तलाव सध्या नको, आणि गावी गेल्यावर गोठ्यातल्या वासराचे लाडही नकोत. शनिवार-रविवारी कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक चालू असेल तर ते फुप्फुसाच्या एका संसर्गापासून बचावासाठी असतं. सिस्टोआयसोस्पोरा आणि सायक्लोस्पोरावरही ते चालतं, क्रिप्टोवर मात्र नाही.

परजीवी सापडला तर छापील रिपोर्टची वाट न बघता आम्ही चिठ्ठीवरच्या डॉक्टरांना फोन करतो, म्हणून चिठ्ठीवर त्यांचा नंबर असू द्या. औषध कोणतं आणि किती दिवस, हे मात्र आम्हाला विचारू नका. मुलाची केमो आणि काउंट पाहून ते डॉक्टरच ठरवतील.