सलामीवरची पांढरी बुरशी : पाकीट उघडण्याआधी एवढं वाचा

सोबतच्या पाकिटात पेनिसिलियम नॅल्जियोव्हेन्स या पांढऱ्या बुरशीचे वाळवलेले बीजाणू आहेत. इटलीतल्या फेलिनोच्या सलामीवर, स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या फुएत या बारीक सॉसेजवर किंवा हंगेरीतल्या सेगेदच्या हिवाळी सलामीवर पीठ भुरभुरल्यासारखा जो थर दिसतो, तो अशाच बुरशीचा. (काही स्वस्त मालावर मात्र खरंच पीठ लावलेलं असतं. बोटाने पुसून पाहा.)

पूर्वी हा थर मुद्दाम कोणी लावत नसे. तळघराच्या भिंतींत आणि टांगायच्या लाकडी दांड्यांत बुरशी मुरलेली असायची, ती आपोआप सलामीवर उतरायची. पण तिच्याबरोबर विषारी द्रव्यं तयार करणाऱ्या जातीही येऊ शकत. म्हणून १९७०च्या दशकात जर्मनीतल्या कुल्मबाखच्या मांससंशोधकांनी निरुपद्रवी वाण पारखून वेगळे काढले आणि तिथून हे बीजाणू विकत मिळण्याची सोय झाली. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये असं मुरलेलं तळघर नसतं. हवेत असते ती पावावर येणारी हिरवी-काळी बुरशी. तिला जागा मिळण्याआधी आपली लावून टाकायची, दह्याला विरजण लावतो तशी.

बुरशी काय करते आणि काय करत नाही

पृष्ठभाग एकदा पांढरा झाला की दुसऱ्या बुरशीला तिथे शिरकाव करणं जड जातं. ओलावा सावकाश बाहेर पडतो, त्यामुळे वरचा भाग कडक आणि आतला गाभा ओला असा प्रकार कमी होतो. उजेड आणि ऑक्सिजन अडल्याने चरबीला खवट वास लवकर येत नाही. शिवाय बुरशी लॅक्टिक आम्ल खाते, म्हणून आंबटपणा मवाळ होतो, आणि प्रथिनं व चरबी थोडी थोडी फोडून तो ओळखीचा, किंचित अळंबीसारखा वास आणते.

पण हे सगळं बाहेरून. आतल्या मांसाचं संरक्षण ही बुरशी करत नाही. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू हवा नसलेल्या गाभ्यात वाढतात आणि तिथे बुरशी पोचतच नाही. त्यांना रोखतात मीठ, नायट्राइट, आम्लता आणि सुकणं. एकूण मिश्रणाच्या २.५ ते ३ टक्के मीठ हवंच. दीर्घकाळ सुकवायच्या सलामीला क्युरिंग सॉल्ट नंबर २ (नायट्राइट आणि नायट्रेट मिसळलेलं मीठ) मांसाच्या किलोमागे साधारण २.५ ग्रॅम लागतं. वेगवेगळ्या देशांच्या मालात नायट्राइटचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून त्या डब्यावरचा आकडा पाहा आणि ते चमच्याने न मोजता ग्रॅमच्या काट्यावर तोला. किराणा दुकानातलं गुलाबी सैंधव म्हणजे क्युरिंग सॉल्ट नव्हे. त्यात नायट्राइट नसतं. दोन्ही गुलाबी दिसतात म्हणून एकाच्या जागी दुसरं वापरलं, तर ती सलामी खाण्याजोगी राहत नाही.

डुकराचं मांस असेल तर १५ सेंमीपेक्षा जाड नसलेले तुकडे उणे १५ अंशांवर २० दिवस गोठवून मगच कुटा. ट्रायकिनेलाच्या कृमींसाठी ही खबरदारी आहे. घरच्या फ्रिजरचा आकडा थर्मामीटर ठेवून तपासा, कारण दारावरच्या आकड्यावर आमचा फारसा विश्वास नाही.

भिजवणं आणि फवारणं

पाव चहाचमचा पूड ६० मिली कोमट पाण्यात ढवळून झाकून ठेवा. पाण्यात क्लोरीन नको. नळाचं पाणी असेल तर उकळून, गार करून घ्या. दहा-बारा तासांत बीजाणू जागे होतात. मग तसंच एक लिटर पाणी मिसळून स्प्रेच्या बाटलीत भरा. आतड्यात मसाला भरून, निर्जंतुक सुईने टोचून हवेचे फुगे काढले की लगेच सगळीकडून फवारा, किंवा सलामी सरळ त्यात बुचकळून काढा. उरलेलं पाणी त्याच दिवशी टाकून द्या. कोरडी पूड मात्र पाकीट घट्ट बंद करून फ्रिजरमध्ये ठेवा.

आतडं नैसर्गिक, कोलॅजेनचं किंवा श्वास घेणारं फायब्रसचं (तंतुमय कागदाचं) असावं. प्लॅस्टिकवर बुरशी धरत नाही. पोटॅशियम सॉर्बेटचा फवारा बुरशी मारण्यासाठीच असतो, तो इथे वापरू नका.

टांगल्यावर

पहिले दोन-तीन दिवस २० ते २४ अंश तापमान आणि ८५ ते ९५ टक्के आर्द्रता ठेवा. या काळात मांसातले आंबवणारे जीवाणू काम करतात; पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आंबट) ५.३च्या खाली गेला की नाही हे मीटरने किंवा पट्टीने बघा. नंतर १२ ते १५ अंश आणि ७५ ते ८० टक्के. पहिल्या आठवड्यात पांढरे ठिपके दिसू लागतात, मग ते एकमेकांत मिसळतात.

आपल्याकडे खरी अडचण हवेची. कोकणात पावसाळ्यात सगळंच ओलं, तर पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी की आतडं कागदासारखं कडकडतं आणि बुरशी उगवतच नाही. तापमान व आर्द्रता नियंत्रक लावलेला जुना फ्रिज हा त्यावरचा मार्ग. फ्रिज रोज एकदा उघडा, कारण बुरशीलाही ऑक्सिजन लागतो. सलामी एकमेकींना टेकू देऊ नका. टेकलेल्या जागी टक्कल पडतं आणि तिथेच चिकटा धरतो. वजन ३० ते ४० टक्के घटेपर्यंत सुकवा. टांगण्याआधी प्रत्येकीचं वजन चिठ्ठीवर लिहून ती बांधून ठेवली की नंतर अंदाज बांधत बसावं लागत नाही.

रंग आणि वास

पांढरी, आखूड, मखमली : हवी तीच. लांब करडे केस आले तर हवा जास्त ओली आहे. हिरवट-निळे ठिपके लहान असतील तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या स्वच्छ कापडाने पुसा, आर्द्रता थोडी उतरवा आणि पांढरी पुन्हा फवारा. काळी, नारिंगी किंवा गुलाबी दिसली, बुळबुळीत थर आला किंवा गाभ्याला कुजका वास आला, तर सलामी फेकून द्या. वाईट भाग कापून उरलेलं खायचा सल्ला आम्ही देत नाही. अमोनियाचा हलका वास बंद हवेमुळे असू शकतो. दार उघडून हवा खेळवली की तो बहुधा जातो.

गोव्याच्या चोरीसवर (डुकराच्या मांसाच्या तिखट सॉसेजवर) हे वापरावं का, असं गोव्याचे ग्राहक विचारतात. नको. व्हिनेगर, मिरची आणि धूर किंवा ऊन हीच त्याची रीत. पांढऱ्या थराची त्याला गरज नाही आणि धुरावर बुरशी नीट धरतही नाही.

पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र काळजी घ्यावी. या जातीचे काही वाण पेनिसिलिन तयार करू शकतात असं आढळलं आहे. घरात कुणाला अशी ॲलर्जी असेल तर बुरशी न लावलेली सलामी करा, आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनीही खाण्यापूर्वी आतडं सोलून काढलेलं बरं. बुरशीमुळे ते सहज सुटतं.

कापलेली सलामी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि पांढरा थर एका रात्रीत ओला, चिकट होतो.