बांद्याला माल पाठवताय? आधी जीएसटी नोंदणी

म्हापशाहून मडगावपेक्षा महाराष्ट्रातलं बांदा जवळ. पण जीएसटीचा कायदा किलोमीटर बघत नाही, पत्रादेवीची राज्याची हद्द बघतो. भाजलेले काजू गोव्यातल्या गोव्यात विकले आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असली, तर नोंदणीची सक्ती नाही. तेच काजू बांद्याच्या दुकानदाराला पाठवले, की पहिल्या बिलापासून नोंदणी हवी, मग ते बिल पाचशेचं का असेना. बांद्याचं गिऱ्हाईक दुकानात येऊन, पत्ता न लिहिलेल्या बिलावर माल घेऊन गेलं, तर मात्र ती विक्री गोव्यातलीच.

फक्त ताजी मासळी किंवा ताजे नारळ, म्हणजे करमुक्त मालच विकत असाल, तर नोंदणी नको. सेवा देणाऱ्यांना परराज्यातल्या कामालाही २० लाखांपर्यंत सूट आहे. फेणी यात धरू नका. दारू जीएसटीत येतच नाही, तिचे परवाने अबकारी खात्याकडे. आणि कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरायची सोय) असाल तर परराज्यात माल विकता येत नाही, आधी त्यातून बाहेर पडा.

अर्ज जीएसटी पोर्टलवर, फी शून्य. पॅन, आधार, फोटो, मोबाईल आणि ईमेल लागतात. बँक खात्याचा तपशील नंतर ३० दिवसांत, पण पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरण्याआधी दिला तरी चालतो.

आपल्याकडे अर्ज अडकतो तो जागेच्या पुराव्यावर. दुकान वडिलोपार्जित घरात, घरपट्टीची पावती अजून आजोबांच्या नावावर, आणि वाटणी झालेलीच नाही! अशा वेळी वीजबिल किंवा घरपट्टीची पावती ज्याच्या नावावर, त्याचं संमतीपत्र जोडा. नावाचा माणूस हयात नसेल तर वारसांचे कागद आधीच गोळा करा. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार. पत्ता सगळीकडे एकसारखा लिहा, वाड्याच्या नावासकट.

आधार पडताळणी झाली आणि अर्जात खोट नसेल तर साधारण ७ कामकाजाच्या दिवसांत नंबर मिळतो. खुलासा मागितला तर उत्तरालाही तेवढेच दिवस. गोव्याचा नंबर ३० ने सुरू होतो. त्यानंतर दरमहा किंवा तिमाहीला विवरणपत्र. विक्री शून्य असली तरीही.

परराज्यातल्या बिलावर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा एकत्रित कर) लावा, सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचे केंद्राचा आणि राज्याचा कर) नव्हे. करासकट माल ५० हजारांवर गेला तर गाडी सुटण्याआधी ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) काढा आणि त्याचा नंबर बिलासोबत ड्रायव्हरच्या हातात द्या.