गुणवत्ता हमी व्यवस्थापक (औषधनिर्मिती)

औषध कारखान्यात तयार झालेली बॅच बाजारात सोडायची की अडवायची, याचा निर्णय ज्याच्या विभागातून होतो ते पद. क्वालिटी कंट्रोल (क्यूसी) प्रयोगशाळेत नमुने तपासते. क्वालिटी अ‍ॅश्युरन्स (क्यूए) कच्चा माल आत येण्यापासून खोका बंद होईपर्यंतची प्रत्येक नोंद तपासते.

नुसती चाचणी पुरत नाही. लाखो गोळ्यांच्या बॅचमधून डिसोल्यूशनच्या (गोळीतले औषध किती विरघळते, या चाचणीच्या) पहिल्या टप्प्याला सहाच गोळ्या लागतात. १९७२ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथच्या डेव्हनपोर्ट रुग्णालयात शिरेतून दिलेल्या जंतुयुक्त डेक्स्ट्रोज द्रावणामुळे रुग्ण दगावले. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) हवा अडकल्याने खालच्या बाटल्या पुरेशा तापल्या नव्हत्या. तापमानाच्या नोंदीत ते दिसत होते. पण मापकच बिघडला असेल असे समजून कामगारांनी तिकडे काणाडोळा केला. नमुने निर्जंतुकता चाचणीत पास झाले होते. तापमानाची ती नोंद वाचून बॅच रोखणे, हेच क्यूएचे काम.

बी.फार्म., एम.फार्म. किंवा एम.एस्सी. झालेले बहुतेक जण सुरुवात आयपीक्यूएत (इन-प्रोसेस क्यूए), म्हणजे उत्पादन चालते त्या शॉप फ्लोअरवर करतात. तिथले रोजचे काम लाइन क्लिअरन्सचे: आधीच्या बॅचची एखादी गोळी किंवा लेबल यंत्राच्या खाली, कन्व्हेयरच्या कडेला, कचऱ्याच्या डब्यात राहिले नाही ना, हे पाहून सही करायची, त्याशिवाय पुढची बॅच सुरू होत नाही. पुढे डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून झालेली फारकत), चेंज कंट्रोल (बदलांना मंजुरी), कापा (सीएपीए: चूक सुधारण्याचे आणि टाळण्याचे उपाय), व्हॅलिडेशन (प्रक्रिया दरवेळी अपेक्षित निकाल देते याची सिद्धता), ऑडिट ही कामे अंगावर येतात.

व्यवस्थापक झाल्यावर काम बदलते. इतरांनी केलेला तपास पुरेसा आहे का, हे त्याला ठरवायचे असते. डेव्हिएशनच्या अहवालात मूळ कारण म्हणून ‘मानवी चूक’ आणि उपाय म्हणून ‘पुन्हा प्रशिक्षण’ एवढेच असेल, तर तो अहवाल परत पाठवणारा व्यवस्थापक खरा कामाचा. उत्पादनातून आलेल्यांना फ्लोअरची खडान्‌खडा माहिती असते, पण जुन्या सहकाऱ्यांची बॅच अडवताना हात कचरतो. क्यूसीतून आलेले आकड्यांवर जरा जास्तच विसंबतात. महिनाअखेरीस डिस्पॅचचा रेटा दोघांनाही सारखाच.

म्हणूनच उत्पादन आणि गुणवत्ता यांचे प्रमुख एकमेकांपासून स्वतंत्र असावेत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या जीएमपीचे (उत्तम उत्पादन पद्धतींच्या नियमांचे) तत्त्व. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एममध्ये (भारतातील जीएमपी नियमांत) औषध गुणवत्ता प्रणाली आणि जोखीम व्यवस्थापन यांची भर पडली. युरोपीय संघात प्रत्येक बॅच ‘क्वालिफाइड पर्सन’ने, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या पात्र तज्ज्ञाने, प्रमाणित करावी लागते, तारापूर किंवा गोव्यातील वेर्ण्यातून तिकडे जाणारा मालही याला अपवाद नाही.